पाय नसलेले सुटे भाग

घरात एखादा जुना, बंद पडलेला ट्रान्झिस्टर रेडिओ असेल, तर मोठ्यांची परवानगी घेऊन आणि सेल काढून त्याचे मागचे झाकण उघडा. आत एक तपकिरी पाटी दिसेल. तिच्यावर रंगीत पट्ट्यांचे रेझिस्टर, चकतीसारखे कपॅसिटर आणि तीन पायांचे ट्रान्झिस्टर दाटीने बसवलेले असतील. प्रत्येकाला तारेचे पाय आहेत. हे पाय पाटीतल्या भोकांतून पलीकडे गेले आहेत आणि मागच्या बाजूला तांब्याच्या रेघांशी डाख देऊन, म्हणजे सोल्डर करून, जोडले आहेत.

आता कॉम्प्युटरची एखादी निकामी हार्ड डिस्क मिळाली तर तिच्या खालची हिरवी पाटी पाहा. येथे भोकांतून गेलेले पाय जवळजवळ दिसतच नाहीत. तांदळाच्या कणीएवढे काळे-तपकिरी तुकडे पाटीच्या पृष्ठभागावरच चिकटवल्यासारखे बसले आहेत. मधोमध असलेल्या चौकोनी चिपला पाय आहेत, पण ते केसासारखे बारीक आणि एकमेकांना खेटून.

पाटीच्या पृष्ठभागावरच बसणाऱ्या या भागांना बाजारात ‘एसएमडी’ म्हणतात. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात कोणालाही विचारा, हा शब्द त्याला ठाऊक असतो. आज अनेक नव्या चिपा फक्त याच रूपात तयार होतात. हवेचा दाब मोजणारी बीएमपी-२८० ही चिप घ्या. तिची लांबी २.५ मि.मी. आणि रुंदी २ मि.मी. आहे. लांब पायांची बीएमपी-२८० मिळतच नाही. विद्यार्थ्यांना ती मिळते ती आधीच एका छोट्या पाटीवर बसवलेली. आपण फक्त तारा खोचायच्या.

येथे एक प्रश्न उभा राहतो. पूर्वीचा विद्यार्थी सुटे भाग आणून रेडिओ जोडत असे. आजच्या विद्यार्थ्याने मात्र तयार पाट्या विकत आणून एकमेकींना जोडायच्या, एवढेच उरले आहे काय? ‘हे बारीक काम यंत्रांचे, आपल्या हातांचे नाही’ असे अनेक शिक्षक व विद्यार्थी धरून चालतात. ही समजूत खरी नाही. साधा सोल्डरिंग आयर्न, चिमटा आणि थोडा फ्लक्स यांच्या साहाय्याने नववी-दहावीचा विद्यार्थी हे काम करू शकतो. त्याला मदत करतो तो पाठ्यपुस्तकातला एक जुना ओळखीचा गुणधर्म, पृष्ठताण. तो कसा, ते या लेखात पाहू या.

पाय का गेले?

पाटीच्या पृष्ठभागावर भाग बसवण्याची कल्पना १९६०च्या दशकातली आहे. चंद्राकडे माणसे नेणाऱ्या सॅटर्न रॉकेटाला दिशा दाखवणारा संगणक आयबीएम कंपनीने बनवला होता. त्यात अशा रीतीने बसवलेले लहान घटक वापरले होते. १९८०च्या दशकात ही पद्धत कारखान्यांतून झपाट्याने पसरली.

तिची कारणे तीन. पहिले कारण म्हणजे जागा. पाव वॉटचा नेहमीचा रेझिस्टर पाय वाकवून बसवला की सुमारे १० मि.मी. लांब व अडीच मि.मी. रुंद जागा घेतो, म्हणजे २५ चौरस मि.मी. पृष्ठभागावर बसणारा ‘०८०५’ मापाचा रेझिस्टर २ मि.मी. लांब व १.२५ मि.मी. रुंद असतो, म्हणजे अडीच चौरस मि.मी. तेवढ्याच जागेत दहा रेझिस्टर मावतील! शिवाय पाटीच्या दोन्ही बाजू वापरता येतात.

दुसरे कारण म्हणजे श्रम. पायांच्या भागांसाठी पाटीला शेकडो भोके पाडावी लागतात आणि पाय वाकवून, ओवून, कापावे लागतात. बिनपायांचा तुकडा यंत्राने हवेच्या शोषणाने उचलला आणि जागेवर ठेवला की झाले.

तिसरे कारण भौतिकशास्त्राचे आहे. तारेचा तुकडा कितीही लहान असला तरी त्यातून जाणाऱ्या प्रवाहातल्या बदलाला तो थोडा विरोध करतो. या गुणाला प्रवर्तकता म्हणतात. ढोबळमानाने तारेच्या दर मिलिमीटरला एक नॅनोहेन्री प्रवर्तकता धरता येते. एका कपॅसिटरच्या दोन्ही पायांची मिळून लांबी १० मि.मी. असेल तर १० नॅनोहेन्री झाली. एफएम रेडिओच्या लहरींची वारंवारता १०० मेगाहर्ट्झच्या आसपास असते. या वारंवारतेला त्या पायांचा विरोध २ × ३.१४ × वारंवारता × प्रवर्तकता या सूत्राने सुमारे ६.३ ओहम येतो. आता ०.१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरचा स्वतःचा विरोध याच वारंवारतेला काढला तर तो केवळ ०.०१६ ओहम भरतो. म्हणजे मूळ भागापेक्षा त्याच्या पायांचाच अडथळा सुमारे ४०० पट! नळ मोठा आणि त्याला जोडलेली नळी सुईएवढी, असा हा प्रकार. पाय काढून टाकले की हा अडथळा पुष्कळच कमी होतो. मोबाइल फोन १०० नव्हे तर हजार-दोन हजार मेगाहर्ट्झवर चालतात, तेथे पायांचे भाग चालणारच नाहीत.

जागेचे महत्त्व किती असते याचे पुण्यातलेच उदाहरण पाहा. शिवाजीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील, म्हणजे सीओईपीमधील, विद्यार्थ्यांनी ‘स्वयम्’ नावाचा उपग्रह तयार केला. २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३४ या अग्निबाणाने एकूण २० उपग्रह अवकाशात नेले, त्यांत तो होता. स्वयम् हा सुमारे १० सें.मी. बाजूचा घन, वजन एक किलोग्रॅमच्या आत. एवढ्याशा पेटीत वीज साठवायची, आज्ञा ऐकायच्या, संदेश घ्यायचे आणि पाठवायचे! मंडलांना तेथे किती जागा उरत असेल याची कल्पना करा. पायांच्या भागांनी असा उपग्रह भरायचे कोणी मनातही आणणार नाही. बारीक भागांचे काम शिकण्याचे महत्त्व यावरून ध्यानात येईल.

मापे आणि खुणा

आता बाजारात काय मागायचे ते पाहू. रेझिस्टर व कपॅसिटर यांची मापे चार आकड्यांनी सांगतात. पहिले दोन आकडे लांबीचे, पुढचे दोन रुंदीचे, आणि एकक इंचाचा शंभरावा भाग. ‘१२०६’ म्हणजे सुमारे ०.१२ इंच लांब व ०.०६ इंच रुंद. प्रत्यक्षात हा तुकडा ३.२ × १.६ मि.मी. असतो. ‘०८०५’ हा २ × १.२५ मि.मी., ‘०६०३’ हा १.६ × ०.८ मि.मी. आणि ‘०४०२’ हा १ × ०.५ मि.मी. पहिल्यांदा १२०६ घ्या. हात बसला की ०८०५ वर या. ०४०२ च्या वाटेला इतक्यात जाऊ नका.

रेझिस्टरवर रंगीत पट्ट्या नसतात, आकडे छापलेले असतात. तीन आकडे असतील तर पहिले दोन जसेच्या तसे घ्यायचे आणि तिसऱ्या आकड्याएवढी शून्ये पुढे मांडायची. ‘४७१’ म्हणजे ४७ पुढे एक शून्य, ४७० ओहम. ‘१०३’ म्हणजे १० पुढे तीन शून्ये, १०,००० ओहम किंवा १० किलोओहम. ‘४आर७’ असे इंग्रजी आर अक्षर मध्ये आले तर तेथे दशांश चिन्ह समजावे, म्हणजे ४.७ ओहम. नुसते शून्य छापलेला तुकडा हा रेझिस्टर नसून दोन रेघा जोडणारा पूल असतो.

सिरॅमिकच्या तपकिरी कपॅसिटरवर मात्र काहीच छापलेले नसते. ते पाकिटातून बाहेर पडले की अनोळखी झाले. म्हणून प्रत्येक पाकिटावर किंमत लिहून ठेवा आणि एका वेळी एकच पाकीट उघडा.

चिपांच्या बाबतीत पायांमधले अंतर महत्त्वाचे. जुन्या लांब पायांच्या चिपला दुकानात ‘डिप’ म्हणतात. तिच्या दोन पायांत २.५४ मि.मी. अंतर असते. पृष्ठभागावर बसणाऱ्या ‘एसओ’ जातीच्या चिपमध्ये ते बरोबर निम्मे, १.२७ मि.मी. असते. हे डोळ्यांना झेपेल का? निरोगी डोळा सुमारे एक कला, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, एवढ्या कोनातला तपशील ओळखू शकतो. २५ सें.मी. अंतरावर हा कोन ०.०७ मि.मी. भरतो. १.२७ मि.मी. हे त्याच्या सुमारे १७ पट. तेव्हा एसओ जातीची चिप नुसत्या डोळ्यांनीही दिसते, आणि साध्या भिंगाने तर चांगलीच. घड्याळ दुरुस्त करणाराचे हात आपल्यापेक्षा वेगळे नसतात. डोळ्याला नीट दिसू लागले आणि मनगट टेबलावर टेकले की हात आपोआप स्थिर होतो.

कल्हईवाल्याचा धडा

सोल्डर म्हणजे कथील व शिसे यांचा मिश्रधातू. ६३ टक्के कथील व ३७ टक्के शिसे असलेले सोल्डर १८३ अंश सेल्सियसला एकदम वितळते. कथलाचा द्रवणांक २३२ व शिशाचा ३२७ अंश आहे, पण मिश्रण मात्र दोघांच्याही आधी वितळते. शिसे नसलेले, कथील-चांदी-तांब्याचे सोल्डर २१७ अंशांच्या पुढे वितळते.

वितळलेले सोल्डर तांब्यावर पसरते की थेंब होऊन राहते, यावर सगळे यश अवलंबून असते. अळूच्या पानावर पाणी थेंबाथेंबाने घरंगळते आणि स्वच्छ काचेवर पसरते. तांबेही तसेच आहे. स्वच्छ तांब्यावर सोल्डर पसरते. पण हवेतल्या ऑक्सिजनमुळे तांब्यावर ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि त्या थरावर सोल्डर अळवावरच्या पाण्यासारखे वागते.

यावरचा उपाय आपल्या देशात फार जुना आहे. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत तांब्यापितळेची भांडी घडवली जातात. अशा भांड्यांना कल्हई करताना तुम्ही पाहिले असेल, नसेल तर आजीला विचारा. कल्हईवाला भांडे तापवतो, त्यात नवसागराची पूड टाकतो, पांढरा धूर निघतो, मग तो कथलाचा तुकडा टेकवून कापसाच्या बोळ्याने फिरवतो आणि भांडे चांदीसारखे चकाकू लागते. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. तापल्यावर त्यापासून हायड्रोजन क्लोराइड सुटतो व तो ऑक्साइडचा थर काढून टाकतो. उघड्या पडलेल्या स्वच्छ धातूवर कथील झटकन पसरते.

आपल्या कामात नवसागराची जागा फ्लक्स घेतो. हा बहुधा पाइन वृक्षाच्या राळेपासून केलेला असतो. थंड असताना राळ निरुपद्रवी असते, तापल्यावर मात्र तिच्यातली सौम्य आम्ले ऑक्साइड विरघळवतात. इलेक्ट्रॉनिक्सच्या कामात नवसागर किंवा नळ जोडणाऱ्यांचा आम्लयुक्त फ्लक्स कधीही वापरू नका. त्याचे अवशेष बारीक रेघा हळूहळू खाऊन टाकतात. दुकानात ‘राळेचा, इलेक्ट्रॉनिक्सचा फ्लक्स’ असे स्पष्ट सांगून मागा.

पायांच्या भागांसाठी सोल्डरच्या तारेतला फ्लक्स पुरतो. बारीक भागांसाठी तो अपुरा पडतो, कारण सोल्डर आयर्नच्या टोकावर थांबते तेवढ्यात फ्लक्स जळून जातो. नवशिक्यांची बहुतेक कामे हात थरथरल्यामुळे नव्हे, तर फ्लक्स कमी पडल्यामुळे बिघडतात.

दहापट जोर

आता पृष्ठताणाचा हिशेब करू. पाण्याचा पृष्ठताण दर मीटरला सुमारे ०.०७ न्यूटन असतो. वितळलेल्या सोल्डरचा सुमारे ०.४५ न्यूटन, म्हणजे पाण्याच्या सहापटीहून अधिक. ०८०५ मापाच्या रेझिस्टरचे एक टोक १.२५ मि.मी. रुंद असते. तेवढ्या कडेवर पृष्ठताणाचे बल ०.४५ × ०.००१२५, म्हणजे सुमारे ०.०००५६ न्यूटन येते.

या रेझिस्टरचे वस्तुमान असते ५ मिलिग्रॅमच्या आसपास. त्याचे वजन ०.०००००५ × ९.८, म्हणजे ०.००००४९ न्यूटन. दोहोंचा भागाकार करा. एका कडेवरचे पृष्ठताणाचे बल रेझिस्टरच्या वजनाच्या अकरापट भरते!

हा चमत्कार केवळ लहान आकाराचा आहे. समजा, हाच रेझिस्टर सर्व बाजूंनी दसपट मोठा केला. कड दसपट झाली, म्हणून पृष्ठताणाचे बल दसपट झाले. पण वजन घनफळावर अवलंबून असते, ते हजारपट झाले. आता वजनच पृष्ठताणाच्या नऊपट झाले. म्हणूनच शिवणकामाची सुई पाण्यावर तरंगवता येते, पहार येत नाही.

कारखान्यात या बलाचा पुरेपूर उपयोग करतात. पाटीवर सोल्डरची लापशी लावून यंत्र त्यावर भाग ठेवते आणि पाटी भट्टीतून जाते. एखादा भाग थोडा वाकडा ठेवला गेला तरी दोन्ही टोकांखालचे सोल्डर वितळताच पृष्ठताण त्याला ओढून सरळ करतो.

हेच बल कधी शत्रूही होते. एक टोक आधी वितळले आणि दुसरे मोकळेच राहिले, तर पहिल्या टोकाचा ओढा तुकड्याला उभा करतो. कारखान्यातले लोक याला थडग्याच्या दगडाची उपमा देतात. हाताने जोडतानाही असे होऊ शकते, म्हणून सोल्डर गोठेपर्यंत भाग चिमट्याने धरून ठेवावा.

साहित्य

साहित्य फार लागत नाही. २५ वॉटचा सोल्डरिंग आयर्न, ०.५ किंवा ०.६ मि.मी. जाडीची सोल्डर वायर, राळेचा फ्लक्स, टोकदार चिमटा, भिंग, मल्टीमीटर आणि जास्तीचे सोल्डर शोषून घेणारी तांब्याची जाळीदार फीत, जिला दुकानात ‘विक’ म्हणतात. आयर्नचे टोक सुईसारखे नको. सुईच्या टोकाचा स्पर्श अगदी थोड्या जागेवर होतो, उष्णता पुरेशी वाहत नाही, आणि आपण उगीच दाबत बसतो. दीड-दोन मि.मी. रुंदीचे, छिन्नीसारखे चपटे टोक अधिक चांगले.

सरावासाठी छापील पाटीच हवी असे नाही. तपकीर गल्लीत ‘झीरो पीसीबी’ या नावाने भोकांची साधी पाटी मिळते. तिच्या दोन शेजारच्या भोकांत २.५४ मि.मी. अंतर असते आणि प्रत्येक भोकाभोवती तांब्याचे कडे असते. ३.२ मि.मी. लांबीचा १२०६ भाग तांब्याच्या बाजूने दोन शेजारच्या कड्यांवर नेमका आडवा बसतो.

पहिला जोड

१. पाटीची तांब्याची बाजू वर करा. खोडरबराने घासून ती चकचकीत करा आणि दोन शेजारच्या कड्यांवर फ्लक्स लावा.

२. फक्त एका कड्यावर थोडे सोल्डर ठेवा.

३. डाव्या हातात चिमट्याने रेझिस्टर धरा, आकडे वर. उजव्या हातातल्या आयर्नने कड्यावरचे सोल्डर वितळवा आणि रेझिस्टर बाजूने सरकवत त्यात न्या. डावखुऱ्यांनी हात बदलावेत.

४. आयर्न बाजूला घ्या, चिमटा धरून ठेवा आणि मनात दोन मोजा. सोल्डर गोठले की भाग पक्का झाला.

५. आता दुसऱ्या टोकाला आयर्न अशा रीतीने टेकवा की तो कडे व रेझिस्टरचे धातूचे टोक दोहोंना स्पर्श करील. तेथे सोल्डर वायर लावा. दोन-तीन सेकंदांत काम व्हावे.

६. पुन्हा पहिल्या टोकाला किंचित फ्लक्स लावून क्षणभर तापवा, म्हणजे तेथला जोडही नीट पसरेल.

भिंगातून पाहा. चांगल्या जोडात सोल्डर टोकापासून तांब्यापर्यंत आत वाकलेल्या, अंतर्वक्र उतारासारखे दिसते. फुगीर गोळा दिसला तर सोल्डर पसरलेले नाही असे समजा. फ्लक्स लावून पुन्हा तापवा. शेवटी मल्टीमीटरने रेझिस्टरची किंमत मोजा. छापलेल्या आकड्याशी ती जुळली की जोड चांगला.

आयर्न रेझिस्टरच्या किंवा कपॅसिटरच्या पाठीवर कधी टेकवू नका. सिरॅमिक एकाएकी एका जागी तापले की गरम काचेवर थंड पाणी पडावे तसे तडकते, आणि ही चीर भिंगातूनही दिसेलच असे नाही. असे दहा रेझिस्टर बसवा. पहिले तीन वाकडे बसतील, दहावा सरळ बसेल.

आठ पायांची चिप

आता एसओ जातीची ५५५ ही चिप घ्या. ती बसवण्यासाठी ‘एसओ ते डिप’ अशी छोटी ॲडॅप्टर पाटी मिळते. चिपच्या एका कोपऱ्यावर ठिपका असतो, तो पहिल्या पायाचा. तेथून घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने पाय मोजतात.

ॲडॅप्टरच्या सर्व आठ पट्ट्यांवर फ्लक्स लावा. एका कोपऱ्याच्या पट्टीवर थोडे सोल्डर ठेवा. चिप ठेवून त्या कोपऱ्याचा पाय पक्का करा आणि बाकीचे सात पाय आपापल्या पट्टीवर आले आहेत ना ते भिंगातून पाहा. आले नसतील तर तो एकच पाय तापवून चिप सरकवा. मग समोरच्या कोपऱ्याचा पाय जोडा आणि त्यानंतर उरलेले.

दोन पायांच्या मध्ये सोल्डरचा पूल झाला तर घाबरू नका. त्यावर फ्लक्स लावा, आयर्नचे टोक स्वच्छ पुसा आणि पायांच्या मुळापासून बाहेरच्या दिशेने हलकेच ओढा. फ्लक्समुळे पाय व पट्ट्या स्वच्छ होतात, सोल्डर त्यांच्याकडे ओढले जाते आणि पाटीच्या रंगीत लेपावर ते पसरत नसल्याने मधला पूल तुटतो. जास्तीचे सोल्डर आयर्नच्या टोकाबरोबर येते. तरीही उरले तर विक ठेवून वरून आयर्न टेकवा. दिव्याची वात तेल ओढते तसे केशाकर्षणाने सोल्डर विकमध्ये चढते.

लुकलुकणारा दिवा

या चिपचा एक दिवा करू या. चिपचा १ क्रमांकाचा पाय सेलच्या ऋण टोकाला आणि ८ व ४ हे पाय धन टोकाला जोडा. ८ व ७ यांच्यामध्ये १० किलोओहमचा ‘१०३’ रेझिस्टर. ७ व ६ यांच्यामध्ये ६८ किलोओहमचा ‘६८३’. ६ व २ हे पाय एकमेकांना जोडा आणि तेथून ऋण टोकापर्यंत १० मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावा. ८ व १ यांच्या अगदी जवळ, त्या दोहोंमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असू द्या. ३ क्रमांकाच्या पायापासून ‘४७१’ रेझिस्टर व एलईडी ओळीने ऋण टोकापर्यंत. एलईडीची धन-ऋण खूण कंपनीगणिक बदलते, म्हणून मल्टीमीटरच्या डायोडच्या जागेवर तपासूनच लावा. चार सेलांचे ६ व्होल्ट दिले की दिवा लुकलुकेल.

एका लुकलुकीचा काळ ०.६९३ × (पहिला रेझिस्टर + दुसऱ्याची दुप्पट) × कपॅसिटर या सूत्राने मिळतो. येथे रेझिस्टरांची बेरीज १० + १३६ = १४६ किलोओहम, म्हणून काळ जवळजवळ एक सेकंद येतो. पण प्रत्यक्ष मोजल्यावर तो बहुधा थोडा निराळा भरेल. सिरॅमिक कपॅसिटरची खरी धारिता छापील किमतीपेक्षा वेगळी असू शकते आणि त्याच्यावर व्होल्ट पडल्यावर ती आणखी घटते. ६० लुकलुकी ५० सेकंदांत झाल्या असे समजा. मग एक लुकलुक ०.८३ सेकंदाची, आणि सूत्र उलटे वापरून कपॅसिटर सुमारे ८.२ मायक्रोफॅरडचा! ज्यावर काही छापलेले नाही अशा तुकड्याची किंमत तुम्ही हातातल्या घड्याळाने मोजलीत.

जपून

सोल्डरमधले शिसे विषारी असते. काम करताना काही खाऊ नका, काम झाल्यावर साबणाने हात धुवा. खिडकी उघडी ठेवा, फ्लक्सचा धूर नाकात जाऊ देऊ नका. डोळ्यांवर चश्मा असावा. घरातल्या विजेवर चालणारी उपकरणे, चार्जर, टीव्ही, ओव्हन यांच्या पाट्यांना हात लावू नका. प्लग काढल्यानंतरही त्यांतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल इतका भार राहू शकतो. मोबाइलची बॅटरीही उघडू नका. आपले काम सेलांवर चालणाऱ्या मंडलांपुरतेच.

शिक्षकांना एक सांगावेसे वाटते. शाळांच्या कपाटांत सेलांवर चालणाऱ्या, बंद पडलेल्या पाट्या पडून असतात. पुष्कळदा त्यांतला एखादा जोड तडकलेला किंवा तारेचे टोक निसटलेले असते. ‘हे बारीक आहे, दुरुस्त होणार नाही’ म्हणून आपण त्या टाकून देतो आणि नव्या मागवतो. त्या पाट्या, थोडा फ्लक्स आणि एक भिंग विद्यार्थ्यांच्या हाती द्या. दुरुस्त झाली तर पाटी वाचली, नाही झाली तर सराव झाला. नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० ॲंटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण, जीएमआरटी, आहे. तेथे राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त भरणाऱ्या प्रदर्शनात शाळांचे विद्यार्थी आपले प्रयोग मांडतात. विकत आणलेल्या पाट्यांपेक्षा स्वतः जोडलेल्या मंडलाबद्दल विद्यार्थी किती वेगळ्या आत्मविश्वासाने बोलतो, हे अशा ठिकाणी ऐकण्यासारखे असते.

करून पाहा

१. ०८०५ मापाचे २०० रेझिस्टर मिळाले तर सोनाराच्या काट्यावर त्यांचे वजन करा. एकाचे वस्तुमान किती येते? त्यावरून या लेखातला हिशेब पुन्हा मांडा.

२. हा रेझिस्टर सर्व बाजूंनी किती पट मोठा केला तर पृष्ठताणाचे बल आणि वजन सारखे होतील? भागाकार अकरा आहे आणि तो लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, एवढे ध्यानात ठेवा. उत्तर सुमारे सव्वातीन यायला हवे.

३. बीएमपी-२८० बसवलेली तयार पाटी घेऊन पर्वतीच्या पायथ्याला व माथ्यावर हवेचा दाब मोजा. दर दहा मीटर चढाला दाब सुमारे एक हेक्टोपास्कल उतरतो. चढ किती मीटर भरला? मग घरी येऊन भिंगातून त्या पाटीकडे पाहा. चिपच्या शेजारचे चिमुकले कपॅसिटर आणि रेझिस्टर आता तुमच्या ओळखीचे झालेले असतील.